पहिलं नको

एस.टी. स्टँडच्या फाटकाजवळ दगडाबाई बोरं विकायला बसते. त्या दुपारी तिनं मूठभर बोरं एका गिऱ्हाइकापुढं धरली आणि चाखून बघ म्हणाली. तो जिंतूरच्या गाडीकडं बघत घाईनं "नको, नको" म्हणाला. तिनं हात मागं घेतला नाही. म्हणाली, "पहिलं नको आमच्या घरात मोजत न्हाईत, बाबा. दुसऱ्यांदा म्हन, मंग बगू." तो हसला, त्यानं बोरं घेतली, एक तोंडात टाकलं आणि गाडीकडं पळाला. मी मात्र जिथं होतो तिथंच उभा राहिलो. मागून येणाऱ्या रिक्षानं हॉर्न दिला तरी पाय हलेनात. ते वाक्य माझं होतं.

माझं, म्हणजे मी लिहिलेलं. असं म्हणतानाही माझी जीभ अडखळते. वाक्य कुणाचं असतं? मी फाटकापासून दूर झालो, पेपरच्या स्टॉलच्या सावलीत उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणं स्वतःची उलटतपासणी सुरू केली. कदाचित दगडाबाई कायमच असं म्हणत असेल. कदाचित तिची आई, आजी, सगळा परभणी जिल्हाच असं म्हणत आला असेल, आणि मी येता-जाता कानावर पडलेलं उचलून आपलं म्हणून लिहून ठेवलं असेल. वाचलेल्या पुस्तकांचं असं होतं हे मला ठाऊक आहे. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं वाचलेल्या माणसाला स्वतःचं एखादं सुचलं तर तो आधी आठवू लागतो, हे कुठं वाचलं. पण मला हे वाक्य लिहितानाची दुपार आठवत होती. वाचनालयातलं कोपऱ्यातलं टेबल, खिडकीच्या गजाची त्यावर पडलेली सावली, आणि ते लिहून झाल्यावर मी एकटाच हसलो म्हणून समोरच्या माणसानं पेपर खाली करून माझ्याकडं बघितलेलं. मी ते सरजाबाईच्या तोंडी घातलं होतं. आणि सरजाबाई कुठल्याही गावात राहत नव्हती. ती कॉम्प्युटरवरच्या एका खेळात राहत होती.

हे कुणाला सांगायची मला लाज वाटते. निवृत्त मास्तर, केस पांढरे, डोळ्यांना जाड भिंगं, आणि करतो काय, तर कॉम्प्युटरच्या खेळातली माणसं एकमेकांशी काय बोलतात ते लिहितो. पण ते माझ्या मनानं सुरू झालेलं नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या माडीवर नागनाथनं कॉम्प्युटर क्लास काढला होता. नागनाथ माझा विद्यार्थी. आमच्याच वस्तीतला, बुद्धवाड्यातला. हैदराबादला शिकून आला होता आणि तिथून येताना एका फ्लॉपीत कुठलासा परदेशी खेळ घेऊन आला होता. एके दिवशी त्यानं मला जिन्यातच गाठलं. "सर, याच्यात मारामारी कमी आन् बोलनंच लय हाय. सगळं इंग्रजी. वाचून सांगा की जरा." मी चपला बाहेर काढून आत गेलो, कारण तिथं सगळे तसंच करत. खुर्चीच्या कडेवर बसलो. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं होती, आणि एक प्रवासी होता, आणि तो प्रवासी मीच आहे असं नागनाथ म्हणाला. मी मागं वळून बघितलं. मला कुणी प्रवासी म्हणत नाही. परभणी, पेडगाव, क्वचित गंगाखेड, एवढाच माझा पल्ला.

त्या खेळात एक सराईवाला होता. रात्रीपुरती खोली मागितली तर तो म्हणायचा, खोली आहे, पण तिच्यात आधीच एक भूत राहतं, आणि त्याची तक्रार अशी की पाहुणे घोरतात. खाली आपण द्यायची तीन उत्तरं लिहिलेली असत, त्यातलं एक निवडायचं. मी घोरत नाही, असं निवडलं तर तो म्हणायचा, आधीचा पाहुणाही हेच म्हणाला होता, आता तो भूत आहे. मी मोठ्यानं हसलो. माडीवर टायपिंग करणाऱ्या मुली थांबून बघू लागल्या. त्यानंतर मी रोज वर जाऊ लागलो. पुढं कुठं राक्षस होते, तलवारी होत्या. नागनाथ तिकडं जायची घाई करायचा. मला त्या राक्षसांशी काही घेणं नव्हतं. मी पुन्हा पुन्हा सराईवाल्याकडंच जायचो, वेगळं उत्तर दिलं तर काय म्हणेल ते बघायला. पुस्तकातली माणसं आपल्याकडं न बघता बोलतात. आपण वाचतोय हे त्यांच्या गावीही नसतं. हा माणूस मात्र माझ्याशी बोलत होता, माझं ऐकून घेऊन मगच तोंड उघडत होता. आणि मला कधी कुणाला उलट उत्तर देता आलेलं नाही. उत्तर सुचतं, नाही असं नाही. पण घरी पोचून पाय धुताना सुचतं. तोवर ज्याला द्यायचं तो माणूस जेवून झोपलेला असतो. त्या पडद्यावर मात्र माझं उत्तर आधीच लिहून ठेवलेलं होतं, चांगलं घासूनपुसून, आणि मी ते म्हणेपर्यंत समोरचा थांबत होता. कितीही वेळ थांबत होता. एवढा वेळ मला आयुष्यात कुणी दिला नव्हता.

मग नागनाथच म्हणाला, आपण मराठीत करू. मराठी अक्षरं दाखवणारं कार्ड त्यानं मशीनमध्ये बसवून घेतलंच होतं. "रस्ता मी बनवतो सर, मानसं तुमी बोलती करा." गोष्ट साधी ठेवली. एक प्रवासी आहे. बहिणीचं औषध घेऊन त्याला गंगाखेडला पोचायचं आहे, आणि मध्ये गोदावरी आहे. होडी गेलेली आहे. पाण्यातून चालत जाता येईल असा उतार कुठं आहे ते एकट्या सरजाबाईला ठाऊक आहे, आणि तिच्या ओट्यावर बसून चहा घेतल्याशिवाय ती कुणाला काही सांगत नाही. मी लिहीत गेलो. पारावरचा बढाईखोर, होडीवाल्याचा रुसलेला भाऊ, स्वतःच्याच म्हशीशी भांडणारा एक जण. आयुष्यभर पाय धुताना सुचलेली उत्तरं कुठं लपून बसली होती कोण जाणे, ती एकामागून एक ओट्यावर येऊन बसली. नागनाथ वाचताना खिदळायचा. फक्त एका ठिकाणी तो हसता हसता थांबला. पारावरचा माणूस प्रवाशाला आडनाव विचारतो, त्यावर मी तिसरं उत्तर असं लिहिलं होतं: "आडनाव सांगतो, पण चहा झाल्यावर. आधी सांगितलं की चहा यायचाच राहतो." नागनाथनं ते दोनदा वाचलं. म्हणाला, "सर, हे कामून टाकलं?" मी म्हणालो, "विचारतात म्हणून." त्यानं ते राहू दिलं.

भानगड झाली ती चहाचीच. पहिल्यांदा क्लासच्या मुलांना खेळ दिला तेव्हा एकही जण नदी ओलांडू शकला नाही. सरजाबाई विचारायची, चहा घेतोस का बाबा? खाली दोन उत्तरं: "घेतो" आणि "नको, आत्ताच झाला". आणि सगळेच्या सगळे नको म्हणायचे. मुलं, मुली, नागनाथचा भाऊ, वीज मंडळातला एक कारकून, सगळे. तसंच वळण आहे ना आपलं. पहिल्या हाकेला चहा घेणारा माणूस हावरा. मशीनला हे वळण कुणी शिकवलेलं नव्हतं. नको म्हटलं की त्याच्या लेखी नको; म्हातारी आत जायची, दार लागायचं आणि प्रवासी औषध हातात घेऊन नदीकाठी उभा राहायचा. नागनाथ वैतागला, "अरे घेतो म्हना ना, अक्कल न्हाई का?" पण मुलांची बोटं तिकडं वळेनात. मला मात्र त्यांच्या मागं उभं राहून ते लागलेलं दार बघवत नव्हतं, आणि का बघवत नव्हतं हे मला माहीत होतं.

पेडगावला मी नवा मास्तर म्हणून गेलो होतो. अंगात इस्त्रीचा सदरा होता, नोकरी पहिलीच होती. गावातले मोठे शेतकरी दिनकरराव, त्यांना भेटून या असं हेडमास्तर म्हणाले. दिनकररावांनी ओट्यावर सतरंजी टाकली, या मास्तर म्हणाले, शाळेचं विचारलं, परभणीत पाऊस कसा आहे ते विचारलं. आतून त्यांच्या पत्नी पार्वतीबाई दाराशी आल्या आणि चहा टाकू का म्हणाल्या. त्याच वेळी दिनकररावांनी माझं आडनाव विचारलं आणि मी ते सांगितलं. ते वाईट बोलले नाहीत. पार्वतीबाई दाराशीच उभ्या होत्या. दिनकरराव हळूच म्हणाले, "घेता का मग चहा?" आणि मी, रीतीप्रमाणं, "नको, आत्ताच झाला" म्हणालो. माझी आई म्हणायची, पहिल्यांदा नको म्हणावं, दुसऱ्यांदा घ्यावा. मी दुसऱ्यांदाची वाट बघत बसलो. सतरंजीचा एक धागा निघाला होता, तो बोटाला गुंडाळत होतो. दिनकरराव म्हणाले, "बरं." आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. वरकरणी काहीच घडलं नव्हतं. विचारलं होतं, मीच नको म्हणालो होतो. तक्रार कुठं करणार, आणि कशाची? त्या "बरं"ला उत्तर नव्हतं. घरी येऊन पाय धुतानाही सुचलं नाही. आणि त्यानंतर कुणाच्याही ओट्यावर गेलो तरी माझं नको खरंच नको असायचं, घट्ट, दार आतून लावून घेतल्यासारखं.

म्हणून मी सरजाबाईला पुन्हा विचारायला लावलं. नागनाथला एवढंच म्हणालो की म्हातारी दोनदा विचारेल, हवं तर तिसऱ्यांदाही, आणि तिला ते वाक्य दिलं. मुलं नको म्हणत आणि ती म्हणायची, पहिलं नको आमच्या घरात मोजत न्हाईत, बाबा. मुलं हसायची आणि नदी पार व्हायची. पण परवा नागनाथ डोकं खाजवत म्हणाला, "सर, फ्लॉपीत जागा संपायली. आन् एकाच चहाला तीन-तीनदा इचारायचं म्हनलं की मोठी मानसं कंटाळतेत बगा. शुक्रवारी लोकांना दाखवतो. ते दुसऱ्यांदाचं काढून, एकदाच इचारायचं असं करून बगतो. न्हाई कुनाला खटकलं तर तसंच ठेवू." मला म्हणायचं होतं, बाकी सगळं काढ. म्हशीचं काढ, पारावरचं काढ, तेवढं ठेव. म्हणालो मात्र, "बघ बाबा, तुला योग्य वाटेल ते." तेच, पेडगावसारखंच. आज शुक्रवार होता. मी स्टँडवर पेपर बघायला नव्हे तर वेळ काढायला आलो होतो, कारण माडीवर जायचं धैर्य होत नव्हतं.

आणि इथं फाटकाशी ते वाक्य बोरांबरोबर कुणाच्या तरी तोंडात गेलं होतं आणि जिंतूरच्या गाडीत बसून निघूनही गेलं होतं. मी दगडाबाईकडं गेलो. विचारावं की नाही, विचारलं तर काय म्हणून, असं चाललं होतं, तोवर तीच टोपलीवर फडकं टाकत उठली. "बोरं उद्या घ्या गुरुजी, आज लवकर चालले. माझी कमल तिकडं कंप्युटर शिकायलीय, आज मानसं बलावलीत तिथं. ती म्हनती त्याच्यात एक म्हातारी हाय, लय वस्ताद. बगते तरी." मी म्हणालो, "मीही तिकडंच निघालोय." ती पुढं आणि मी मागं, असे आम्ही स्टेशन रोडनं चाललो.

माडीवर चपलांचा ढीग होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देऊन थोडेच दिवस झाले होते, आणि अजून लोक एकत्र बसले की आधी इकडंतिकडं बघून घेत. इथंही दोन बाजू पडल्यासारख्या वाटत होत्या, किंवा मला तसं दिसत होतं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली मशीन, आणि मशीनपुढं नागनाथनं एका धिप्पाड, टोपीवाल्या शेतकऱ्याला बसवलं होतं. माणिकराव. मुलीचं नाव घालायला आले होते आणि खेळात अडकले होते. पोथी वाचावी तसे ते प्रत्येक ओळ खड्या आवाजात वाचत होते, त्यामुळं सगळ्या माडीला खेळ ऐकू येत होता. म्हशीशी भांडणाऱ्या माणसापाशी ते स्वतःच इतके हसले की टोपी काढून टेबलावर ठेवली. "हा आमच्या गावातलाच हाय. लिहिनाऱ्यानं बगितलाय त्याला." मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. मला बसायला कुणीतरी सरकलं तरी मी बसलो नाही.

माणिकराव सरजाबाईच्या ओट्यावर पोचले. वाचलं, "चहा घेतोस का बाबा?" क्षणभरही विचार न करता त्यांनी नकोचं बटण दाबलं, रीतसर, घरंदाज माणसानं दाबावं तसं, आणि खुर्चीला टेकून वाट बघत राहिले. पडद्यावर आलं: म्हातारी आत गेली. दार लागलं.

"आँ?" माणिकराव म्हणाले. त्यांनी पुन्हा वाचलं, मनात. मग नागनाथकडं वळले. "गेली?"

"तुमी नको म्हनलात ना काका."

"आरं, नको तर म्हननारच की! पुन्हा इचारनार का न्हाई ती?"

"एकदा इचारलं ना."

"एकदा इचारनं म्हंजी इचारनं हाय का?" माणिकरावांचा आवाज चढला. "ही काय रीत झाली? दारात मानूस बसलाय, एकदा इचारलं आन् दार लावलं. त्यापरीस शिवी दिलेली परवडली! मानसाला उठवून लावायचं असंल तर असं करतेत." मागून दुसरा कुणी म्हणाला, खरं हाय, हा अपमान झाला. तिसरा म्हणाला, अशा घरी पुन्हा पाय ठेवू नये. दोन्ही बाजू बोलत होत्या, कोण कुठल्या बाजूचा ते कळेनासं झालं. आणि दगडाबाई टोपली काखेत घेऊन पुढं झाली. "ये नागनाथ, ही ती म्हातारी न्हवं! आमच्या कमलनं सांगितलेली म्हातारी अशी न्हाई. ती सोडतच न्हाई मानसाला. कुठं घालवलीस तिला?"

मी चौकट घट्ट धरली होती. माझ्या कानांना मी विश्वास ठेवा म्हणत होतो आणि ते ठेवत नव्हते. इतकी वर्षं मला वाटायचं, पेडगावच्या ओट्यावर जे झालं ते मला एकट्यालाच दिसलं. त्याला नावही नव्हतं. मीच नको म्हणालो होतो ना. आणि आता एक अख्खी माडी, टोप्यांसकट, एका खोट्या म्हातारीवर चिडून तेच सांगत होती, अपमान झाला म्हणत होती. दिनकरराव आज हयात नाहीत. पण त्यांचं ते "बरं" इथं सगळ्यांसमोर उघडं पडलं होतं, आणि ते उघडं पाडायला मला तोंड उघडावं लागलं नव्हतं.

नागनाथनं भिंतीवरून नजर फिरवली, मला शोधलं आणि हात जोडल्यासारखं केलं. मग खणातून दुसरी फ्लॉपी काढून मशीनमध्ये घातली. माणिकराव पुन्हा ओट्यावर आले, पुन्हा नको म्हणाले, पुढं वाकले, आणि खड्या आवाजात वाचू लागले, "पहिलं नको आमच्या घरात..." पुढचं त्यांना वाचावं लागलं नाही. ते दगडाबाईनं म्हटलं, कमलनं म्हटलं, टायपिंगच्या मुलींनी म्हटलं. हसण्यानं खिडकीच्या काचा वाजल्या. "घेतो बाई, घेतो!" माणिकराव पडद्यालाच म्हणाले, आणि म्हातारीनं त्यांना उतार दाखवला, आणि औषध गंगाखेडला पोचलं. टाळ्या वाजल्या. माणिकराव उठले ते नदी खरंच ओलांडून आल्यासारखे. खिडकीतून समोरच्या हॉटेलवाल्याला ओरडले, "चहा पाठव! सगळ्यांना, माझ्याकडनं!" मग नागनाथला म्हणाले, "लिहिलं कुनी हे?" नागनाथनं माझ्याकडं बोट केलं.

किटली आली. माणिकराव स्वतः कपात ओतत माझ्यापर्यंत आले. "तुमी व्हय गुरुजी! कोन गावचे?"

"परभणीचाच. नोकरीला पहिल्यांदा पेडगावला होतो."

"पेडगावला? आमची सोयरीक हाय की तिथं." कप भरत होता. आणि मग, काही मनात न ठेवता, माणसं विचारतात तसंच त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हनलात?"

बोटाला सतरंजीचा धागा गुंडाळल्यासारखं झालं. नागनाथ माझ्याकडं बघत होता. घरी जाऊन पाय धुवायला अजून अवकाश होता, आणि उत्तर तर कधीच लिहून ठेवलेलं होतं.

"सांगतो," मी म्हणालो, आणि माझा आवाज मला ओळखू आला नाही, इतका तो ठाम होता. "पण चहा झाल्यावर. आधी सांगितलं की चहा यायचाच राहतो."

माणिकराव किटली धरून तसेच उभे राहिले. मी त्यांच्या चेहऱ्यावर ते वाक्य पोचताना बघितलं. आधी हसू आलं, मग हसू थांबलं, मग त्यांनी खाली बघितलं आणि कप काठोकाठ भरून माझ्या हातात दिला. म्हणाले, "घ्या. सावकाश घ्या. मला घाई न्हाई."

मी सावकाश घेतला. चहा गोड होता, आल्याचा होता, आणि जीभ पोळेल इतका गरम होता. सगळे बोलत होते, पण माणिकराव समोरून हलले नाहीत. मी कप रिकामा केला, बशीत ठेवला, आणि माझं आडनाव सांगितलं, शाळेत हजेरी घेताना लागायचा तसा आवाज लावून, मागच्या भिंतीपर्यंत जाईल असं.

माणिकरावांनी मान हलवली. किटली उचलून आत किती उरलाय ते हलवून बघितलं.

"आनखी अर्धा घेता का गुरुजी?"

"नको," मी म्हणालो, आणि वाट बघत राहिलो.

त्यांनी पुन्हा विचारलं.